‘इम्पॉव्हरिश’चा अर्थ लावताना : कोणी, कोणाला, काय काढून घेऊन?

भाषांतराच्या कामाला नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका लेखात ‘इम्पॉव्हरिश्ड फार्मर्स’ असे दोन शब्द आले. मी ‘गरीब शेतकरी’ लिहिलं आणि पुढच्या ओळीला लागले. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्या ‘गरीब’भोवती तांबड्या पेनने गोल काढला आणि समासात दोनच शब्द लिहिले : ‘कोणी केले?’

मला आधी प्रश्नच कळला नाही. शेतकरी गरीब असतात, त्यात कोणी काय करायचं? मग कोश उघडला. शब्दापुढे सकर्मक क्रियापदाची खूण होती. म्हणजे या शब्दाला कर्ता लागतो आणि कर्मही लागतं. कोणीतरी कोणाला तरी गरीब करतं, तेव्हा ‘इम्पॉव्हरिश’ होतं. मी लिहिलेल्या ‘गरीब’ या विशेषणात तो कर्ता गडप झाला होता. शेतकरी जणू जन्मतःच तसे होते.

त्यानंतर इंग्रजी शब्द आला की त्याला उलगडायची एक पद्धत मला लागली. ती याच एका शब्दावर करून दाखवते. भाषांतर करणाऱ्यांना, स्पर्धा परीक्षेचे इंग्रजी उतारे वाचणाऱ्यांना, किंवा नुसतीच शब्दांची खोड असलेल्यांना ती उपयोगी पडावी.

पायरी १ : आधी वाक्य, मग कोश

शब्द अडला की आपला हात सरळ कोशाकडे जातो. जरा थांबा. कागदावर तीन रकाने पाडा : कोणी, कोणाला, काय काढून घेऊन. वाक्यात जे सापडेल ते त्यात भरा.

युद्धाने देश इम्पॉव्हरिश झाला : कर्ता युद्ध, कर्म देश, गेली ती संपत्ती. एकच पीक वर्षानुवर्षं घेतल्याने जमीन इम्पॉव्हरिश झाली : कर्ता ती पीकपद्धत, कर्म जमीन, गेली ती अन्नद्रव्यं. बोलीतले शब्द मेल्याने भाषा इम्पॉव्हरिश झाली : इथे पैशाचा संबंधच नाही, गेली ती विविधता. तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे, पण मराठीत तिन्हींना एकच शब्द चालणार नाही. म्हणून रकाने आधी.

कर्त्याचा रकाना रिकामा राहिला तर तो शोधायचा. इंग्रजी लिहिणारा तो पुष्कळदा लपवतो. ‘इम्पॉव्हरिश्ड’ हे भूतकाळवाचक रूप विशेषणासारखं नामाला चिकटवलं की कर्ता सांगायची गरज उरत नाही. वृत्तपत्रांत तर हे सर्रास चालतं. पण कर्ता सहसा दोन-तीन परिच्छेद खाली कुठेतरी असतो. तिथपर्यंत वाचत जायचं.

याच पायरीवर आणखी एक प्रश्न विचारायचा : आधी बरं होतं का? ‘इम्पॉव्हरिश’मध्ये काळ दडलेला आहे. पूर्वी काहीतरी होतं, ते गेलं. जे मुळातच कमी होतं त्याला हा शब्द बसत नाही.

साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांतलं हे एक. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यात नत्र फारच थोडं. दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती तिथे किडे पकडून ती उणीव भरून काढतात. ही माती गरीब आहे, पण कोणी केलेली नाही. तिला ‘इम्पॉव्हरिश्ड’ म्हणणं चूक. गंमत म्हणजे या गरिबीमुळेच तिथे इतकी फुलं आहेत. भरपूर खताची माती असती तर गवत माजलं असतं आणि फुलं दबून गेली असती.

उलट बाजूचं उदाहरण सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यातलं. पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या, चोपण झाल्या. त्या बिघडल्या हे खरं, पण तिथे काही काढून घेतलेलं नाही, उलट क्षार साठलेले आहेत. त्यालाही ‘इम्पॉव्हरिश’ नेमकं बसत नाही. तिसरा रकाना रिकामा राहतो, ही त्याची खूण.

पायरी २ : उच्चार आणि तुकडे

उच्चार : इम्-पॉ-व्ह-रिश. जोर ‘पॉ’वर. अमेरिकन माणूस तिथे ‘पा’च्या जवळ जाईल. नाम करायचं तर ‘इम्पॉव्हरिशमेंट’. हा लिहिण्यातला शब्द आहे. खिशात पैसे नाहीत असं मित्राला सांगताना कोणी तो वापरत नाही, तिथे ‘ब्रोक’ येतो.

आता तुकडे : इम् + पॉव्हर + इश. तिन्ही तुकड्यांत आपली फसगत होऊ शकते.

पहिला ‘इम्’. ‘इम्पॉसिबल’, ‘इम्पेशंट’ यांच्या सवयीने आपल्याला तो नकार वाटतो. तो नकार असता तर ‘इम्पॉव्हरिश’चा अर्थ ‘गरीब नसणे’ झाला असता! हा ‘इम्’ वेगळा. त्याचा अर्थ ‘त्या अवस्थेत घालणे’. ‘एनरिच’ (श्रीमंत करणे), ‘एनस्लेव्ह’ (गुलाम करणे), ‘एम्पॉवर’ (सत्ता देणे) यांतला ‘एन्’ किंवा ‘एम्’ तोच. न् चा म् का झाला, हे मराठी माणसाला सांगायला नको. पुढे प आला की नाक आपोआप म् म्हणतं. आपण ‘संपत्ती’ अनुस्वार देऊन लिहितो, पण म्हणतो ‘सम्पत्ती’. लॅटिनवाल्यांनी तो बदल लिहूनही ठेवला, एवढाच फरक.

शेवटचा ‘इश’. ‘चाइल्डिश’, ‘फूलिश’ मधला नव्हे. तो जुन्या इंग्रजीतला आहे आणि विशेषणं बनवतो. आपला ‘इश’ फ्रेंचमधून आला. फ्रेंच क्रियापदांच्या एका गटात काही रूपांमध्ये ‘इस्स’ असा तुकडा येतो, तो इंग्रजांच्या तोंडी ‘इश’ झाला. फिनिश, पनिश, पॉलिश, नरिश, व्हॅनिश, अबॉलिश, डिमॉलिश हे सगळे त्याच वरातीतून आलेले. ‘इश’वर संपणारं इंग्रजी क्रियापद दिसलं की ते फ्रेंचमार्गे आलं असावं, असा अंदाज बांधायला हरकत नाही. पुष्कळदा तो बरोबर निघतो.

मधला ‘पॉव्हर’ हा गाभा. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी ३ : कोशातला कंस वाचायला शिका

चांगल्या इंग्रजी कोशात अर्थाच्या आधी किंवा नंतर चौकटी कंसात व्युत्पत्ती असते. बहुतेक जण ती ओलांडून जातात, कारण ती संक्षेपांनी भरलेली असते. वाचायची रीत सोपी आहे. सगळ्यात जवळचा पूर्वज आधी, सगळ्यात लांबचा शेवटी. प्रत्येक टप्प्याआधी भाषेचं नाव : मध्य इंग्रजी, जुनी फ्रेंच, लॅटिन. एखाद्या शब्दाच्या डोक्यावर तारा असेल तर तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही. भाषाशास्त्रज्ञांनी तुलना करून तो उभा केला आहे.

सोबतीला काय घ्यावं? मेरियम-वेबस्टरचा कोश आणि एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ, दोन्ही फुकट. ज्यांना कोश एखाद्या वाचनालयात किंवा विद्यापीठात मिळतो त्यांनी ऑक्सफर्डचा मोठा कोश जरूर पाहावा. तो ऐतिहासिक तत्त्वावर रचलेला आहे, म्हणजे प्रत्येक अर्थ पहिल्यांदा कधी दिसला ते अवतरणांसकट देतो. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थ. १८३१ चा हा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. इंग्रजीकडून मराठीकडे यायचं तर १८४७ चा मोल्सवर्थ-कँडी. त्यातले मराठी शब्द आज वाचताना तोंडाला पाणी सुटतं.

आता ‘इम्पॉव्हरिश’चा माग काढू. इंग्रजीत तो पंधराव्या शतकात दिसतो, तेव्हाचं रूप ‘एम्पोव्हरिशेन’च्या जवळपासचं. त्याच्यामागे जुन्या फ्रेंचमधलं ‘एम्पोव्रीर’, गरीब करणे. त्याच्या पोटात ‘पोव्र’, गरीब. आणि ‘पोव्र’च्या मागे लॅटिन ‘पाउपेर’.

इथे मराठी वाचकाने क्षणभर रेंगाळावं. लॅटिनमधल्या प चा फ्रेंचमध्ये व्ह झाला. हा अपघात नाही. ‘एप्रिल’चा फ्रेंचमध्ये ‘आव्रील’ होतो, शेळीला लॅटिनमध्ये ‘काप्रा’ तर फ्रेंचमध्ये ‘शेव्ह्र’. आणि आपल्याकडे? दीपाचा दिवा झाला, कपाटाचं कवाड झालं, तापाचा ताव झाला. दोन स्वरांमध्ये अडकलेला किंवा र च्या शेजारी पडलेला प ढिला पडतो आणि व होतो. पॅरिसमध्ये जे झालं तेच पैठणात झालं, कोणी कोणाचं ऐकून नव्हे. तोंडाची रचना सगळीकडे सारखीच.

‘पोव्र’ इंग्रजीत दोनदा-तीनदा आला आणि प्रत्येक वेळी वेगळा झाला. साधारण १२०० च्या सुमारास आला तो झिजून, मधला व्ह गळून ‘पुअर’ झाला. ‘पॉव्हर्टी’ आणि ‘इम्पॉव्हरिश’ यांनी व्ह जपला. पुढे सोळाव्या शतकात वकिलांच्या लॅटिनमधून मूळ ‘पॉपर’ जसाच्या तसा उचलला गेला. एकाच आजोबाचे हे नातू, चेहरे निरनिराळे. त्यांच्या आधी इंग्रजीत गरिबासाठी ‘एअर्म’ असा स्वतःचा शब्द होता. जर्मनमध्ये तो ‘आर्म’ म्हणून आजही आहे. इंग्रजीत तो मेला. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथला दरबार आणि न्यायालयं फ्रेंच बोलत होती. गरिबाला काय म्हणायचं हेही वरच्यांनीच ठरवलं.

पायरी ४ : मुळाशी गेल्यावर हात आखडता घ्या

लॅटिन ‘पाउपेर’चे दोन भाग सांगतात. ‘पाउ’ म्हणजे थोडं, आणि दुसरा भाग ‘पारेरे’ या क्रियापदाचा, म्हणजे प्रसवणे, निपजवणे. थोडकं पिकवणारा तो गरीब. ‘पेरेंट’मध्ये हाच ‘पारेरे’ आहे. म्हणजे गरिबी ही मुळात उत्पन्नाची गोष्ट. शेतीच्या जगातली व्याख्या.

‘पाउ’चा गोतावळा मोठा आहे. इंग्रजी ‘फ्यू’ हा त्यातलाच. प चा फ होणं हा जर्मानिक भाषांचा ठरलेला नियम, जसा पितृचा ‘फादर’ आणि पदाचा ‘फूट’. लहान मुलासाठीचा लॅटिन ‘पुएर’ याच मुळाला जोडतात, ग्रीक ‘पाइस’ही जोडतात. बालरोगतज्ज्ञाच्या पाटीवरचा ‘पीडिअॅट्रिक’ तिथून. आणि संस्कृतमधला ‘पुत्र’सुद्धा भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळात बसवतात : लहानगा, पिल्लू. आपल्याकडे मनुस्मृतीत पुत्राची वेगळीच व्युत्पत्ती आहे. ‘पुत्’ नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र. कानाला गोड, पण ही शब्द फोडून अर्थ बसवण्याची जुनी हौस. अशा हौशीपासून जपायचं, मग ती संस्कृतात असो की व्हॉट्सअॅपवर.

जपायचं म्हणजे कसं? सारखे दिसणारे शब्द नात्यातले धरायचे नाहीत. ‘इम्पॉव्हरिश’ आणि ‘इम्प्रूव्ह’ शेजारी ठेवा. इम्, प, र, व्ह, सगळं जुळतंय. वाटतं, सख्खी भावंडं. प्रत्यक्षात ‘इम्प्रूव्ह’मधला गाभा जुन्या फ्रेंचमधला ‘प्रू’ आहे, म्हणजे नफा. सुरुवातीला तो शब्द नफ्यासाठी वापरून घेणे, उत्पन्न वाढवणे अशा अर्थाने येई, विशेषतः जमिनीच्या बाबतीत. एक शब्द उत्पन्न वाढवतो, दुसरा घालवतो, आणि दिसायला जुळे.

संस्कृतने गरिबाकडे कसं पाहिलं तेही बघून घ्या. ‘दरिद्र’च्या मुळाशी ‘द्रा’ धातू, म्हणजे धावणे. त्याची द्विरुक्ती होऊन ‘दरिद्रा’, इकडेतिकडे धावत राहणे. पाणिनीय धातुपाठात ‘दरिद्रा दुर्गतौ’ असा तो नोंदला आहे. लॅटिनच्या लेखी गरीब तो ज्याचं पिकत नाही, संस्कृतच्या लेखी तो ज्याची वणवण थांबत नाही. अरबीतून आलेला ‘गरीब’ मुळात परका, परदेशी. फारसीतला ‘नादार’ म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो. चार भाषांनी चार बाजूंनी पाहिलं. मला व्यक्तिशः ‘दरिद्र’ सगळ्यात खरा वाटतो. ऊसतोडीला दर दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून निघणाऱ्यांना विचारा.

पायरी ५ : शेजारची क्रियापदं वेगळी करा

कोशात समानार्थी म्हणून जी रांग दिलेली असते ती आंधळेपणाने वापरली की घोळ होतो. तीन शेजारी तरी ओळखीचे हवेत.

‘पॉपराइज’. हा ‘इम्पॉव्हरिश’चा सख्खा चुलत, पण वास वेगळा. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोटापाण्याची जबाबदारी गावावर, म्हणजे पॅरिशवर टाकली. गावाच्या पैशावर जगणारा तो ‘पॉपर’. एकोणिसाव्या शतकात ओरड सुरू झाली की मदत देऊन देऊन लोक ऐदी होतात. १८३४ च्या कायद्याने मग ती मदत शक्यतो वर्कहाउसमध्येच, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या घरातच, तीही मुद्दाम कठोर करून ठेवलेली. ‘पॉपराइज’ त्या वादातला शब्द. नुसतं गरीब करणं नव्हे, आश्रित करणं, आयत्याची सवय लावणं. यात दोष लुटणाऱ्याचा नसतो, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असतो. ‘इम्पॉव्हरिश’ आणि ‘पॉपराइज’ यांतला कुठला शब्द लेखक निवडतो त्यावरून तो कोणाच्या बाजूचा आहे ते पुष्कळदा कळतं.

‘पॉपर’ आपल्या कायद्यातही होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला तेहतिसावा आदेश ‘पॉपर’ माणसाने न्यायालयीन शुल्क न भरता दावा कसा लावावा हे सांगतो. १९७६ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून ‘इंडिजंट पर्सन’ घातला. जुन्या मराठीत याला नेमका शब्द होता, नादार. आमच्या आधीच्या पिढीत ‘नादारीवर शिकलो’ असं सांगणारे पुष्कळ होते. नादारी म्हणजे शाळेची फीमाफी. त्यात लाज नव्हती, उलट जरा अभिमानच असायचा.

‘बेगर’. भिकारी हे नामच क्रियापद होतं. अॅडम स्मिथ १७७६ मध्ये शेजारी राष्ट्रांना भिकेला लावण्यात आपलं हित आहे असं समजणाऱ्या व्यापारनीतीवर टीका करतो, तेव्हा हेच क्रियापद वापरतो. पण आज ते बहुतेक लाक्षणिक अर्थाने भेटतं. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’मध्ये क्लिओपात्राच्या रूपाने सगळं वर्णन ‘बेगर’ केलं, असं अँटनीचा साथीदार एनोबार्बस म्हणतो. वर्णनच भिकारी ठरलं! याचं शब्दशः भाषांतर करू नका. मराठीत ‘शब्द थिटे पडतात’ आहे, आणि ते तितकंच चांगलं आहे.

‘इमिझराइज’. लॅटिन ‘मिझेर’, म्हणजे दीनवाणा. ‘मिझरी’ आणि कंजूष या अर्थाचा ‘मायझर’ त्यातूनच. हा अर्थशास्त्राच्या वर्गातला शब्द. मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती यांनी १९५८ मध्ये ‘इमिझरायझिंग ग्रोथ’ची कल्पना मांडली. एखादा देश निर्यातीचा माल इतका वाढवतो की जगात त्याचा भाव कोसळतो आणि वाढ होऊनही देश आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातो. त्यांचा सिद्धान्त देशांच्या व्यापाराबद्दल आहे. पण कांदा भरघोस आलेल्या वर्षी लासलगावहून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला तो चटकन कळेल.

पायरी ६ : मराठी शब्द निवडा

आता पहिल्या पायरीवरचे रकाने पुढ्यात घ्या. इथेच खरं काम आहे.

मराठीत ‘गरीब करणे’ असं म्हणता येतं, पण कोणी म्हणत नाही. आपण गरिबीची क्रिया सांगताना चित्र काढतो. भिकेला लावणे, देशोधडीला लावणे, रस्त्यावर आणणे, धुळीला मिळवणे, अन्नाला महाग करणे, नागवणे. ही सगळी ‘इम्पॉव्हरिश’पेक्षा तिखट आहेत, आणि प्रत्येकात काहीतरी जास्तीचं आहे. देशोधडीत घर सुटतं. कर्ज झालं पण माणूस गावातच आहे, तर तो शब्द नको. अन्नाला महाग होण्यात उपासमार आहे.

‘नागवणे’ मला सगळ्यात जवळचा वाटतो. नागवा, म्हणजे उघडा, त्यावरून अंगावरचं ओरबाडून घेणे. सकर्मक आहे, कर्ता मागतो, आधी अंगावर काहीतरी होतं हेही सांगतो. तीनही रकाने भरतात. अडचण एकच. नागवणाऱ्याचा हेतू असतो. सावकार नागवतो, सत्ता नागवते, ठग नागवतो. पावसाने दडी मारली तर पावसाने नागवलं म्हणणं कवितेत चालेल, अहवालात नाही. ‘इम्पॉव्हरिश’ला हेतूची अट नाही. आजारपण, दुष्काळ, बदललेली बाजारपेठ, काहीही त्याचा कर्ता होऊ शकतं. म्हणून हेतू असेल तिथे नागवणे, नसेल तिथे ‘अमक्यापायी कंगाल होणे’, ‘कफल्लक होणे’, ‘खंक होणे’. ‘पायी’ हा छोटा शब्द विसरू नका. वाक्य अकर्मक झालं तरी कारण तो जागेवर ठेवतो.

संस्था असेल तर ‘डबघाईला आणणे’. साखर कारखाना कंगाल होत नाही, डबघाईला येतो.

जमीन असेल तर शब्द शोधावा लागत नाही. जमिनीचा कस जातो, जमीन उतरते, निकस होते. ‘निकस’ हा ‘इम्पॉव्हरिश्ड’ला इतका चपखल आहे की लिहिताना आनंद होतो. सरकारी पुस्तिकांत ‘मृदेचे दारिद्रीकरण’ असलं काहीतरी छापलेलं दिसतं. ज्या शेतकऱ्यासाठी ते छापलं तो बेवड, म्हणजे आधी कोणतं पीक होतं ते, बघून पीक ठरवतो, आणि त्याला ‘कस’ कळतो.

अन्नाला ‘निःसत्त्व’ म्हणा. भाषा, कल्पनाशक्ती, सार्वजनिक चर्चा अशा गोष्टी असतील तर ‘रोडावणे’ किंवा ‘आटणे’ बघा. ‘भाषा दरिद्री झाली’ हेही चालतं, पण त्यात थोडा तुच्छतेचा सूर येतो. ‘दरिद्री’ हा मराठीत शिवीच्या जवळ गेलेला शब्द आहे.

आणि अवस्था दाखवायची असेल, क्रिया नव्हे, तर ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ आहेच. अठरा विसा तीनशे साठ, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस, असा त्याचा अर्थ लोक सांगतात. पण तो इथे वापरायचा नाही. त्यात कर्ता नाही, पूर्वीचे बरे दिवसही नाहीत. तो ‘पुअर’चा मराठी भाऊ.

पायरी ७ : एका खऱ्या लेखनावर करून बघा

दादाभाई नौरोजींचं लेखन यासाठी उत्तम. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकलेले आणि शिकवलेले दादाभाई १८७६ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचतात. त्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ सुरू होतो. पुढे १८९२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून जातात, आणि १९०१ मध्ये त्यांचं लेखन लंडनहून पुस्तकरूपाने निघतं. दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये, हा त्यांचा १८६७-७० च्या सुमाराचा अंदाज.

त्यांच्या मांडणीला रकाने लावा. दुष्काळ पावसामुळे, दारिद्र्य लोकसंख्येमुळे किंवा लोकांच्या सवयींमुळे, असं राज्यकर्त्यांच्या बाजूचे अनेक जण म्हणत होते. त्यांच्या वाक्यांत हिंदुस्थान ‘पुअर’ होता. दादाभाईंनी कर्त्याचा रकाना भरला, राज्यव्यवस्था. तिसराही भरला : अधिकाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतनं, इंग्लंडमधला कारभारखर्च, या वाटांनी परत काही न येता बाहेर जाणारा पैसा. त्यांच्या लेखनात ‘इम्पॉव्हरिशमेंट’ पुनःपुन्हा येतो तो उगाच नाही. त्यांचं सगळं म्हणणं त्या क्रियापदाच्या व्याकरणात मावतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला ‘आर्थिक निःसारण’ म्हणतात. मला तो शब्द कधी आवडला नाही, सांडपाण्याची आठवण होते. ‘शोषण’ही पुरता बसत नाही. हा उतारा मराठीत आणायचा तर ‘हिंदुस्थानाचे दारिद्र्य’ लिहून भागणार नाही. ‘हिंदुस्थान नागवला जातो’ असंच काहीतरी लिहावं लागेल. इथे हेतू होता का, हा वाद तुम्हाला घालावा लागेल. दादाभाई स्वतः इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर बराच काळ भरवसा ठेवून होते. मग ‘नागवणे’ त्यांच्या तोंडी घालावा का? मी ‘हिंदुस्थानास कंगाल करणारी राज्यपद्धती’ इथवर येऊन थांबले. तुम्ही वेगळं ठरवाल.

आजचं एक उदाहरण सरावाला घ्या. आरोग्यविषयक अहवालांत ‘इम्पॉव्हरिशिंग हेल्थ स्पेंडिंग’ असा शब्दप्रयोग येतो. स्वतःच्या खिशातून होणारा जो औषधपाण्याचा खर्च कुटुंबाला दारिद्र्यरेषेखाली ढकलतो किंवा आधीच खाली असलेल्याला आणखी खोल नेतो, तो. ‘दारिद्र्यकारक आरोग्यखर्च’ असं लिहिलं तर व्याकरण बिनचूक आणि वाचक पळालेला. ‘दवाखान्यापायी घर बसलं’ हे बरोबर आहे, पण अहवालात जाणार नाही. मधली वाट : ‘कुटुंबाला दारिद्र्यात ढकलणारा दवाखान्याचा खर्च’. तीनही रकाने भरले.

त्या पहिल्या लेखाचं काय झालं, ते राहिलंच. बाईंच्या तांबड्या गोलानंतर मी पूर्ण मजकूर पुन्हा वाचला. कर्ता चौथ्या परिच्छेदात सापडला, कापसाचा पडलेला भाव. मी मोठ्या उत्साहाने ‘कापसाच्या भावाने नागवलेले शेतकरी’ लिहून नेलं. बाईंनी ‘नागवलेले’ही खोडलं. म्हणाल्या, “अगं, भाव काय मुद्दाम पडला का?” शेवटी छापून आलं ते ‘कापसाचा भाव पडल्याने भिकेला लागलेले शेतकरी’. ‘लागलेले’ की ‘लावलेले’, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.